ऊन पडलं म्हणून बर्फ बसत नाही: हिमालयात जाणाऱ्यांसाठी हिमस्खलनाची तोंडओळख

४ ऑक्टोबर २०२२ ची सकाळ. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची एक तुकडी द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटर उंच शिखराच्या उतारावर होती. पावणेनऊच्या सुमारास उतारावरचा बर्फ सुटला आणि त्याच्यासोबत माणसं खालच्या हिमभेगेत गेली. २९ जणांचा जीव गेला. ही बर्फ बघायला आलेली हौशी मंडळी नव्हती. ॲडव्हान्स कोर्सचे प्रशिक्षणार्थी होते, त्यांच्यासोबत एव्हरेस्ट चढून आलेली प्रशिक्षक होती. आणि महिना होता ऑक्टोबर, ज्याची जाहिरात ट्रेकवाले ‘हवा एकदम स्वच्छ’ अशी करतात.

हे मुद्दाम आधी सांगतोय. ‘हिमस्खलन हा सियाचिनचा आणि एव्हरेस्टचा प्रश्न, आपण तर साधा ट्रेक करतोय’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. पुण्या-मुंबई-नाशिकहून दर हिवाळ्यात केदारकांठा आणि ब्रह्मतालला गट जातात, मे-जूनमध्ये रूपिन, बुरान आणि हम्प्ताच्या खिंडी ओलांडतात. अलीकडे गुलमर्गला स्की शिकायला जाणारेही वाढलेत. यातल्या बहुतेकांचे पाय सह्याद्रीत तयार झालेले असतात. सह्याद्री पुष्कळ शिकवतो, पण त्याने लावलेल्या काही सवयी बर्फात उलट्या पडतात.

त्यातली सगळ्यात धोक्याची सवय म्हणजे सकाळी उठून आकाश बघायचं आणि निघायचं की नाही ते ठरवायचं. बर्फात आजच्या आकाशापेक्षा गेल्या आठवड्यातल्या हवेला जास्त किंमत असते. दोन दिवस हिमवर्षाव होऊन तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं, फोटोला याहून चांगला दिवस नाही असं वाटतं, तंबूत बसून कंटाळलेली पोरं बूट चढवतात. नेमका तोच दिवस अनेकदा सर्वांत वाईट असतो.

थरावर थर

हिवाळाभर पडलेला बर्फ एकजीव होत नाही, त्याचे थर राहतात. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, मध्येच आठवडाभर ऊन पडलं तर त्याची कडक साय, जोराचा वारा आला तर त्याने दाबून बसवलेला आणखी एक. काही थर एकमेकांना धरून असतात, काही नसतात.

सगळी गोम या न धरणाऱ्या थरात आहे. डिसेंबरात थोडासा बर्फ पडून नंतर दोन-तीन आठवडे कोरडी, कडाक्याची थंडी राहिली असं समजा. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, वरचा पृष्ठभाग मात्र रात्री उणे पंधरा-वीसपर्यंत उतरतो. बर्फ जितका पातळ, तितका हा फरक कमी जाडीत सामावलेला. साधारण दर दहा सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक पडू लागला की बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि कणांचा आकार बदलत जातो. मऊ, एकमेकांत गुंतलेले कण जाऊन त्यांच्या जागी टोकदार, सुटे, दाणेदार कण तयार होतात. मूठभर उचलले तर बोटांतून गळून जातात, त्यांचा गोळा वळत नाही. ओट्यावर कोरडा साबुदाणा सांडलाय, त्यावर लाकडी पाट ठेवलाय आणि ओटा एका बाजूने उचलायला घेतलाय, अशी कल्पना करा. पाट कितीही मजबूत असला तरी काय उपयोग?

जानेवारीत जोराचा हिमवर्षाव होतो आणि या दाण्यांवर अर्धा-एक मीटरचा सलग थर बसतो. त्याला स्लॅब म्हणतात. तो वरून घट्ट, भरवशाचा वाटतो, माणसाचं वजनही पेलतो. पण कुठेतरी, बहुधा जिथे तो पातळ असतो तिथे, माणसाच्या पायाचा दाब खालच्या कमकुवत थरापर्यंत पोचतो. तो थर बसतो, बसण्याची लाट क्षणात सगळ्या उतारभर पसरते, आणि वरचा स्लॅब एका सरळ रेषेत तुटून निघतो. भेग बऱ्याचदा तुमच्या वर, वीस-तीस मीटरवर पडते. म्हणजे तुम्ही स्लॅबच्या कडेला नसता, त्याच्या मधोमध उभे असता.

म्हणून हिमस्खलन हे वरून अवचित कोसळणारं संकट आहे, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की हौशी भटके आणि स्कीवाले ज्यात सापडतात, त्यातली दहापैकी नऊच्या आसपास हिमस्खलनं त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सोडलेली असतात. ‘नशीब’ म्हणून हात वर करण्याइतका हा विषय आंधळा नाही.

स्लॅबखेरीज दुसरे प्रकारही आहेत. ताजा सुटा बर्फ एका बिंदूपासून पंख्याच्या आकारात घसरतो. तो बहुतेक वेळा लहान असतो, पण कड्यावरून खाली लोटायला पुरेसा. एप्रिलनंतर ओल्या बर्फाचं राज्य सुरू होतं, त्याकडे पुढे येतो.

हवा वाचायची ती कुठून

पश्चिम हिमालयातल्या हिवाळी बर्फाचा मुख्य पुरवठादार म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणाऱ्या या प्रणाली वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडावर येतात. भर हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात, सगळ्याच जोरदार नसतात. हवामान विभागाच्या अंदाजात हा शब्द दिसला की पुढचे दोन दिवस सोडाच, त्यानंतरचे दोन दिवसही वेळापत्रकात जपून धरायचे.

अंदाज मोबाइलवर मिळाला नाही तरी डोंगर आधी चाहूल देतो. उंचावर पिंजलेले ढग, सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळं, एरवी बोचणारी रात्र अचानक सौम्य होणं. उंची दाखवणारं घड्याळ असेल तर झोपताना आकडा लिहून ठेवा. तंबू जागचा हललेला नाही आणि सकाळी घड्याळ पन्नास मीटर जास्त उंची दाखवतंय, याचा अर्थ हवेचा दाब उतरला आहे. घड्याळ बिघडलं म्हणून त्याला शिव्या घालू नका.

ऑक्टोबरचं दुखणं वेगळं आहे. पावसाळा सरलेला असतो, पण बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा मोसम सुरू होतो. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुडहुड वादळ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळलं. त्याचे अवशेष उत्तरेला सरकत दोन दिवसांनी नेपाळात पोचले आणि ऐन हंगामात, अन्नपूर्णा परिक्रमेच्या ५,४१६ मीटरवरच्या थोरुंग ला खिंडीच्या परिसरात प्रचंड बर्फ पडला. हिमवादळ आणि हिमस्खलनांत चाळीसहून अधिक माणसं गेली. आंध्रच्या किनाऱ्यावरची बातमी हिमालयातल्या ट्रेकरने का वाचायची, त्याचं उत्तर हे.

थंडीचा हिशोब तोंडपाठ असू द्या: दर हजार मीटर उंचीला सरासरी साडेसहा अंश. सांकरी गावात, म्हणजे १,९०० मीटरच्या आसपास, पहाटे पाच अंश असेल तर ३,८०० मीटरच्या केदारकांठ्यावर उणे सात धरायचे. हे वारा सोडून, आणि माथ्यावर वारा नसतो असं क्वचितच होतं. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतल्या सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातून गेलेल्या गटातले नऊ जण गेले. तिथे हिमस्खलन नव्हतं. चार हजार मीटरच्या वर अवचित आलेलं बर्फाचं वादळ होतं, दिसेनासं झालेलं होतं आणि अंगावर वारा होता. तेही जूनमध्ये.

वाऱ्याचं दुसरं काम अधिक छुपं आहे. एका बाजूचा बर्फ उचलून तो धारेच्या पलीकडच्या उतारावर रचतो, तेही आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगाने. म्हणजे रात्री तंबूवर चार बोटं बर्फ पडला म्हणून निश्चिंत व्हावं, तर वाऱ्याआडच्या उतारावर कमरेएवढा साचलेला. धारेवर बर्फाची धूळ उडताना दिसली, धारेच्या एका अंगाला बर्फाचा सज्जा बाहेर आलेला दिसला, तर त्या सज्जाखालचा उतार भरलेला आहे असं समजावं. आणि त्या सज्जावर फोटोसाठी उभं राहू नये. तो वाटतो त्यापेक्षा बराच आतून तुटतो.

पाय कुठे टाकायचा

खरं सांगायचं तर थरांचा अभ्यास एका ट्रेकमध्ये जमणारी गोष्ट नाही. वर्षानुवर्षं बर्फात काढलेली माणसंही चुकतात. उताराचा कोन मात्र कुणालाही मोजता येतो आणि तो कधी खोटं बोलत नाही. म्हणून नवख्याने आपली सगळी हुशारी तिथे लावावी, असं माझं मत आहे.

स्लॅब सुटतात ते प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, त्यातही ३५ ते ४० च्या पट्ट्यात सर्वाधिक. त्याहून फार तीव्र उतारावर बर्फ साचायच्या आधीच ओघळून जातो, तिसाच्या खाली तो सहसा सुटत नाही. पंचाईत अशी, की चढायला ‘मजा येईल’ असा उतार बरोबर याच पट्ट्यातला असतो. डोळ्यावर विसंबू नका. मोबाइलमध्ये कोन दाखवणारं साधं ॲप असतं; काठी उतारावर आडवी टाकून त्यावर मोबाइल ठेवला की झालं. बॅटरी संपली असेल तर सारख्या उंचीच्या दोन काठ्या पुरतात. एक बर्फात उभी धरा. दुसरीचं टोक वरच्या बाजूच्या बर्फाला टेकवून ती पाणसळीत आडवी धरा आणि तिचं दुसरं टोक उभ्या काठीला कुठे लागतं ते पाहा. मध्यावर लागलं तर उतार २७ अंशांच्या जवळपास, वरच्या टोकाला लागलं तर ४५. मध्याच्या वर सरकायला लागलं की तुम्ही नको त्या पट्ट्यात शिरलात.

स्वतः सपाटीवर चालत असलात तरी वर काय आहे ते बघावं लागतं. वरच्या उतारावरून सुटलेला बर्फ सपाटीवर दूरवर येतो, नाला ओलांडून समोरच्या काठावरही चढतो. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांची छावणीच हिमस्खलनात सापडली. ५४ जण होते, त्यातले आठ गेले. बाकीचे वाचले त्याचं मोठं श्रेय ते ज्यात झोपले होते त्या लोखंडी कंटेनरना दिलं गेलं. ट्रेकिंगच्या तंबूकडून तेवढी अपेक्षा ठेवता येत नाही, त्यामुळे तंबूची जागा निवडताना पाण्याआधी वरचा उतार बघायचा.

आता नळीची गोष्ट. सह्याद्रीत कडा चढायचा तर आपण नळी शोधतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट म्हणजे अनेकांचा जिवाचा ट्रेक. बर्फाच्या मुलखात नळी, घळ किंवा नाला ही हिमस्खलनाची उतरायची वाट असते. दोन्ही अंगांचा बर्फ तिच्यात येऊन पडतो, आणि लहानसं स्खलनसुद्धा तिथे खोल ढीग करतं. उघड्या उतारावर ज्याने माणूस गुडघाभर बुडाला असता, तोच बर्फ नळीत त्याला दोन मीटर खाली पुरतो. रूपिन खिंडीखालची शेवटची घळ जूनमध्ये बर्फाने भरलेली असते आणि तिच्यातूनच चढावं लागतं. तिथे प्रश्न वेळेचा: पहाटे निघून, बर्फ रात्रीच्या थंडीने गोठलेला असतानाच माथा गाठायचा.

उन्हाळी बर्फात हे वेळेचं गणितच सर्वस्व आहे. पूर्वेकडच्या उतारावर सकाळीच ऊन येतं, दक्षिणेकडचा दिवसभर तापतो, पश्चिमेकडचा दुपारनंतर. कडक बर्फावर बूट वाजतो तोवर ठीक. घोट्यापर्यंत रुतू लागला, वरून आपोआप बर्फाचे गोळे घरंगळू लागले, की त्या उतारावरचा दिवस संपला, मग घड्याळात दहा वाजलेले असोत नाहीतर आठ. उत्तरेकडच्या उतारांचं याच्या उलट. तिथे हिवाळ्यात ऊन पोचत नाही, बर्फ मऊ आणि सुंदर राहतो, पण खालचे कमकुवत थरही आठवडेच्या आठवडे टिकून राहतात.

झाडी बघा. दाट जंगलातून वाट गेलेली बरी. पण जंगलाच्या मधोमध वरून खालपर्यंत बिनझाडांचा पट्टा दिसला, देवदाराच्या फक्त चढाकडच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, भोजपत्राची झाडं उताराच्या दिशेने वाकून वाढलेली दिसली, तर तो पट्टा कुणी तोडलेला नाही. दरवर्षी बर्फच तो साफ ठेवतो. जेवायला बसायची ती जागा नव्हे.

बर्फ स्वतःही बोलतो. चालताना पायाखालून ‘धप्प’ असा खोल आवाज येऊन आजूबाजूचा बर्फ किंचित बसला, किंवा बुटापासून भेग सरसर पुढे पळाली, तर कमकुवत थर कोसळल्याची ती थेट खूण आहे. त्यानंतर चर्चा करायची नाही. आल्या पावली मागे फिरायचं आणि कमी उताराने जायचं. शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं तरी तेच.

जाणकार लोक खड्डा खणून थर तपासतात, ते जमलं तर जवळून बघा. फावड्याने बर्फाची उभी भिंत सरळ कापतात. मग तिच्यात थराथराने आधी मूठ खुपसून पाहतात, नाही गेली तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी सुरी. मूठ सहज जाते असा थर एका बोटाच्या कडक थराखाली निघाला की सगळे गप्प होतात. मग तीस बाय तीस सेंटिमीटरचा खांब चारी बाजूंनी मोकळा करून त्यावर फावड्याचं पातं ठेवतात आणि दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून मारतात. चौथ्या-पाचव्या थापेलाच वरचा ठोकळा कापल्यासारखा पुढे सरकला तर त्या उतारावर जायचं नाही. तिसाव्या थापेपर्यंत टिकला तर? तर एवढंच कळलं की ‘इथे’ टिकला. वीस पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो. खड्डा ‘जाऊ नका’ सांगायला चांगला, ‘जा’ सांगायला नाही.

इशारा कसा वाचायचा

भारतात हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची चंदीगडची संस्था, डीजीआरई, देते. जुने लोक तिला अजून जुन्या नावाने ‘सासे’ म्हणतात. इशारा जिल्हावार असतो: अमुक जिल्ह्यात २,४०० किंवा २,५०० मीटरच्या वर पुढच्या २४ तासांत धोका अमुक पातळीचा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून तो पुढे येतो. माणाच्या घटनेच्या आदल्या संध्याकाळी चमोलीसह उत्तराखंडातल्या काही जिल्ह्यांसाठी असा इशारा निघालेला होता. अख्ख्या जिल्ह्याचा इशारा तुमच्या नाल्याबद्दल काही सांगत नाही, हे खरं. पण ‘मध्यम’ हा शब्द वाचून ‘चला, फार नाहीये’ म्हणणं चूक. जगभर वापरल्या जाणाऱ्या एक ते पाचच्या मोजपट्टीत हौशी लोकांचे सर्वाधिक मृत्यू मधल्या पायरीवर, म्हणजे तीनवर होतात. चार-पाचला लोक घाबरून घरीच बसतात.

गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गंडोलाच्या, म्हणजे तारेवरच्या पाळण्याच्या, हद्दीतल्या उतारांवर गस्तीपथक काम करतं. हद्दीची दोरी ओलांडलीत की तो रानटी डोंगर आहे, मग वर यायला पाळणा वापरला असला तरी. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. दोन्ही वेळी आधी बर्फ झालेला होता.

आणि सुट्टीचं गणित. सातव्या दिवशी शिखर, आठव्या दिवशी खाली, नवव्या दिवशी डेहराडूनहून गाडी, दहाव्या दिवशी ऑफिस असा बेत आखला असेल, तर मागे फिरायचा निर्णय डोंगरावर घेताच येत नाही. तो पुण्यात तिकीट काढतानाच होऊन गेलेला असतो. दोन मोकळे दिवस ठेवणं हे कुठल्याही महागड्या जॅकेटपेक्षा स्वस्त संरक्षण आहे. ट्रेक नेणाऱ्याला निघण्याआधी सरळ विचारा: गेल्या दहा दिवसांत वर किती बर्फ पडला? तीव्र उतार कुठे आहेत आणि तिथे आपण किती वाजता असू? तिथे एकेक जण जाणार की सगळे रांगेत? एकेक हे उत्तर बरोबर. बर्फ सुटलाच तर एकच जण सापडतो आणि बाकीचे त्याला काढायला उरतात.

पुरला गेला तर

बर्फाखाली माणूस मुख्यतः गुदमरतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर साधारण तिघांतला एकच. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचिनमध्ये सहा दिवसांनी एक जवान जिवंत सापडला तेव्हा देशभर चमत्कार म्हणून चर्चा झाली. पुढे तोही गेला, आणि त्याच चौकीवरचे बाकी नऊ जण आधीच गेलेले होते. त्यात एक सातारा जिल्ह्यातला होता. असले अपवाद हिशोबात धरायचे नसतात. बेस कॅम्पवरून येणारी मदतही धरायची नसते, कारण तिला तास लागतात. शोधणार ते शेजारी उभे असलेले सोबतीच.

त्यासाठी तीन वस्तू लागतात, आणि प्रत्येकाकडे लागतात: ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा बीकन (रेडिओ संकेत पाठवणारं आणि शोधणारं छोटं यंत्र), बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची प्रोब काठी आणि फावडं. बीकन सकाळी निघतानाच चालू करून अंगाला, आतल्या कपड्यांवर बांधायचा; सॅकमध्ये नाही, कारण सॅक वाहून जाते. कुणी पुरलं गेलं की आधी तो शेवटचा कुठे दिसला ती जागा पक्की करायची, वरून आणखी बर्फ येत नाही ना ते बघायचं, आणि उरलेल्या सगळ्यांनी आपापले बीकन शोधण्याच्या मोडवर टाकायचे. एकाचा जरी चुकून पाठवण्यावर राहिला तर सगळे त्याच्याकडेच धावतात. बाण दाखवेल तिकडे जायचं. अंतर तीन मीटरच्या आत आलं की बीकन बर्फाला टेकवून हळू सरकवायचा आणि सर्वांत कमी आकडा जिथे येतो तिथून प्रोब खुपसायला सुरुवात करायची. एका जागेभोवती गोल गोल, पंचवीस सेंटिमीटर सोडून. लागली की ती काढायची नाही, तशीच ठेवायची.

खणायचं उताराच्या खालच्या अंगाने. प्रोबवर दिसणाऱ्या खोलीच्या दीडपट अंतर मागे येऊन आडवं आत शिरायचं. थेट वरून खणलं तर तुम्ही त्याच्या छातीवर उभे राहता आणि काढलेला बर्फ टाकायला जागा उरत नाही. आधी तोंड-नाक मोकळं करायचं, छातीवरचा बर्फ काढायचा, मग बाकीचं शरीर. थंडीने गारठलेल्या माणसाला ओढून उभं करायचं नाही, आडवाच, हलक्या हाताने बाहेर घ्यायचा. आणि फावडं धातूचं हवं. वाहून आलेला बर्फ थांबताक्षणी घट्ट आवळतो, त्यात प्लास्टिकचं पातं मोडतं.